आत्या, मावशी आणि ‘एशियन – इंडियन’चा रकाना

आनुवंशिक कॅन्सरच्या चाचणीवरून तिकडे भारतात वाद निघाला की दोनच सूर लागतात. एक म्हणतो, ‘मुलीच्या कपाळी शिक्का कशाला? व्हायचं ते होणारच.’ दुसरा म्हणतो, ‘थुंकी पाठवली की काम झालं, सगळ्यांनीच करून टाका.’ इथे ब्रिटनमध्ये बसून हे ऐकताना डोकं तापतं. भांडण चाचणीवर चाललंय, आणि ती आधी कुणाची करायची हे कुणी विचारतच नाही.

आधी करायची ती कॅन्सर झालेल्या माणसाची. आईला बेचाळिशीत स्तनाचा कॅन्सर झालेला, ती हयात आहे, आणि रक्त दिलं धडधाकट मुलीनं. ‘काही सापडलं नाही’ असा रिपोर्ट आला तर तो घ्यायचा कसा? घरातला दोष तिच्यापर्यंत पोचला नाही, की तो या चाचणीच्या टप्प्यातच नाही? बीआरसीए-१ हे असं जनुक, की त्यात दोष असला तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आईत त्यातला नेमका बदल आधी सापडला असेल, तरच मुलीचं ‘नाही’ हे खरं ‘नाही’. तो बदल प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी, मुलग्यांतही. आणि बापाकडूनही येतो बरं का. आजार फक्त आईच्या बाजूला शोधणाऱ्यांचं निम्मं घराणं मोजायचंच राहतं.

थुंकीचं म्हणाल, तर २०१८ साली अमेरिकेत थेट ग्राहकांना विकायला परवानगी मिळालेलं पहिलं बीआरसीए किट बीआरसीए-१ आणि २ या दोन जनुकांतल्या तीनच जागा बघत होतं, त्याही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू घराण्यांत सापडणाऱ्या. त्यातून निर्दोष सुटलेल्या मराठी माणसाला कळलं काय? जवळजवळ शून्य. चांगल्या प्रयोगशाळेतही जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर साध्या वाचनात तो निसटू शकतो. त्यासाठी जनुकाचे तुकडे मोजणारी एमएलपीएसारखी वेगळी पद्धत लागते. आणि दुसऱ्याचा बोन मॅरो बसवलेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए येतो, तिथे त्वचेचा नमुना घ्यावा लागतो.

शिक्कावाल्यांना एवढंच: बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ७० टक्के, अंडाशयाचा ४४ च्या आसपास. स्तनावर तिशीपासून दरवर्षी एमआरआयनं नजर ठेवता येते. अंडाशयासाठी भरवशाची तपासणीच नाही, म्हणून मुलं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान नळ्या आणि अंडाशय काढण्याचा विचार होतो. शिक्का टाळून यातलं काय वाचलं?

इथे नमुन्याआधी फॉर्म येतो. तीन पिढ्या, कुणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी. त्यात ‘आंट’ असा एकच शब्द, की पुढे समुपदेशक रक्ताची का लग्नाची हे विचारत बसतो. आपल्याकडे आत्या-मावशी रक्ताच्या, काकू-मामी नाहीत. निम्मी वंशावळ भाषेनंच काढून ठेवलीय! पण हीच भाषा पुढे दगा देते. ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणजे जठर, आतडं, गर्भाशय की अंडाशय? आतडं आणि गर्भाशय असेल तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे याच अवयवांच्या कॅन्सरचा धोका घराण्यात उतरवणारी जनुकं बघायची, अंडाशय असेल तर बीआरसीएसुद्धा. ‘पिशवी काढली होती’ हेही अर्धवटच. पिशवीबरोबर अंडाशयही गेली असतील, तर त्या बाईला अंडाशयाचा कॅन्सर झाला नाही यावरून काहीच ठरत नाही.

इथल्या टापटिपीचा तोरा मिरवून झाला की मग रिपोर्ट येतो: ‘बदल सापडला, अर्थ अनिश्चित.’ जगातले नमुन्यांचे साठे बहुतांशी युरोपीय वंशाच्या माणसांचे, त्यामुळे हे उत्तर आपल्या लोकांना जास्त वेळा मिळतं. त्याच्या जोरावर शस्त्रक्रिया करायची नसते; पुढेमागे अर्थ लागला तर बहुतेकदा निरुपद्रवी असाच लागतो. पण तो लागायला तोच बदल घरातल्या आजाऱ्यांत आहे आणि निरोग्यांत नाही, हे बघावं लागतं. म्हणजे इथली प्रयोगशाळा अडली की तिकडच्या आत्याचं रक्त मागते.

बदल घातकच आहे हे पक्कं असेल तर नातेवाइकांसाठी पत्र मिळतं. त्यात जनुकाचं नाव आणि बदलाची नेमकी जागा अक्षर-आकड्यांत असते. ते हातात असलं की तिकडच्या प्रयोगशाळेला अख्खं जनुक चाळावं लागत नाही, एकच जागा बघायची. आम्ही काय करतो? फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो, खाली ‘काळजी घ्या’. फोटोत ती ओळ नेमकी पुसट. बहिणीनं फोन करून विचारलं तर ‘तिकडच्या डॉक्टरांना दाखव’. तिच्याबरोबर तासभर फोनवर बसून वंशावळ काढणारे आमच्यात थोडेच, आणि ‘तुमच्याकडे अवेअरनेस नाही’ म्हणणारे मात्र पुष्कळ. इथल्या फॉर्मवर आम्ही ‘एशियन – इंडियन’ या चौकोनात खूण करतो, आणि त्या चौकोनाबद्दल डॉक्टरांना सांगण्यासारखं जे काही आहे ते सगळं त्या बहिणीकडे आणि आत्याकडे आहे.