तीन देश, एक दगड

"यंदा कुठे?" असं कुणी विचारलं की मी ऐटीत सांगतो, "तीन देशांच्या सीमा मिळतात तिथे." लोक कौतुकाने मान डोलावतात आणि मग नको तो प्रश्न येतो : "तिथे बघायला काय आहे?"

दगड. काही ठिकाणी तोही नाही.

रस्त्यांना तिठा असतो तसा देशांनाही असतो, आणि मला या तिठ्यांचं खूळ आहे. नकाशावर प्रकरण सोपं दिसतं. तीन रेघा, एक ठिपका. पण नकाशा मोठा करत नेला की त्या ठिपक्यातून दलदल निघते, कडा निघतो, बहुतेक वेळा नदीच निघते. स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा तिठा चालत गाठता येतो म्हणून हुरळलो, तर खांब काठावर आणि तीन देश मिळतात ते ऱ्हाइनच्या पात्रात! इग्वासूला अर्जेंटिना, ब्राझील आणि पॅराग्वे यांनी आपापल्या काठावर वेगळे स्तंभ उभारलेत, भांडलेल्या भावांनी तीन चुली मांडाव्यात तसे. दक्षिण अमेरिकेतल्याच रोराइमा डोंगरावरचा स्तंभ चांगला कोरड्या पठारावर आहे, पण तिथवर कित्येक दिवसांची चढण. तो ठराव माझ्या गुडघ्यांनी फेटाळला.

बरं, दगड जागेवर असेल याचीही खात्री नाही. ऑस्ट्रेलियात पोपेल नावाच्या मोजणीदाराने १८८० साली भर वाळवंटात तीन प्रांतांच्या हद्दीचा खुंट रोवला. मागाहून कळलं, त्याची मोजणीची साखळीच हवी त्यापेक्षा एक इंच लांब होती. साखळीमागे इंच साठत गेला आणि खुंट हलवावा लागला. २०२१ मध्ये तर बेल्जियमच्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या वाटेत येतो म्हणून हद्दीचा दगड सव्वादोन मीटर पलीकडे सरकवला. फ्रान्स तेवढा आकसला. हे किस्से मी बायकोला हसत हसत सांगायचो. तीही हसायची, पण माझ्याइतकी नाही.

अखेर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडवर शिक्कामोर्तब झालं. चार महिने वही भरत होतो. त्यात डासांना एक पान, मोज्यांना एक पान, जादा बॅटऱ्यांना दीड पान. फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीहून उन्हाळ्यात होडी सुटते. ती स्वीडनच्या काठावर उतरवते, पुढे तीन किलोमीटर चाल. होडी नको असेल तर मल्लाच्या राखीव जंगलातून अकरा किलोमीटर. त्या ओळीवर मी लाल काट मारली होती.

आणि दगड होता! म्हणजे १९२६ साली बांधलेला काँक्रीटचा पिवळसर ठोकळा, वरून छाटलेल्या शंकूसारखा, तळ्यात काठापासून दहाएक मीटरवर. भोवती लाकडी फळ्यांची वाट. मी सात प्रदक्षिणा घातल्या, म्हणजे एकवीस देश झाले. बायको एका फेरीनंतर फळीवर बसली, बूट काढून तिने तळव्याचा फोड पाहिला आणि विचारलं, "झालं?"

परतीच्या शेवटच्या होडीला पंधरा मिनिटं असताना आम्ही धक्क्यावर हजर. धक्का रिकामा. तळ्यावर एक लाट नाही. मी वही काढली, मोबाइल काढला, दोन्ही ताडून पाहिले. मग डोक्यात उजेड पडला. होडी फिनलंडच्या घड्याळाने चालते, ते तासभर पुढे. आमचे मोबाइल मात्र काठ बदलताच गुपचूप स्वीडिश झाले होते. वहीत मोज्यांचं पान होतं, घड्याळाचं नव्हतं.

राहिली लाल काट मारलेली वाट. ती सुरू होते दगडापासून, म्हणजे आधी तीन किलोमीटर परत. सूर्य मावळत नव्हता, त्यामुळे अंधाराची सबबही नव्हती, आणि डास तर सबबीवाचूनच येत होते. दगडापाशी बायको थांबली.

"अहो, त्या वाळवंटातल्या माणसाची साखळी किती लांब होती म्हणालात?"

"एक इंच."

"हं," म्हणून तिने बुटाची नाडी करकचून आवळली आणि पुढे चालू लागली.