लांज्याचा समुद्र

वकिलीत, त्यातही सॉलिसिटर म्हणून नाव काढायचंय आणि कामं कोकणातल्या जमिनींची करायचीत, अशा होतकरूंसाठी हे चार शब्द. स्फूर्ती गेल्या आठवड्यात हाती पडलेल्या एका शोध अहवालाची, म्हणजे जमीन घेण्याआधी तिची मालकी तपासून वकील देतो त्या कागदाची. जमीन लांजा तालुक्यातली. चतुःसीमेत छापलंय, 'पश्चिमेस समुद्र व पुळण'. लांज्याला समुद्र! मधला अख्खा रत्नागिरी तालुका ओलांडून आला असणार. खाली सही, शिक्का, सनद क्रमांक आणि निर्वाळा: 'सदर मिळकत निर्वेध व विक्रीयोग्य आहे.'

तेव्हा आधी पाटी. खरा सॉलिसिटर व्हायचं तर मुंबईत तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, आणि वर बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा. एवढी हाडं कोण झिजवणार? 1976 च्या दुरुस्तीपासून कायद्याला अॅडव्होकेट तेवढा ठाऊक आहे, पण वाडीत 'सॉलिसिटर' ऐकायला भारदस्त वाटतं. सनद घ्या, कायद्याची पुस्तकं समोर ठेवून द्यायची ती बार परीक्षा 45 टक्क्यांवर सोडवा, पाटी रंगवायला टाका.

शोध अहवाल आयुष्यात एकदाच लिहा. पुढे गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर बदलत जायचं.

30 वर्षांचा शोध घ्यायला दुय्यम निबंधकाकडे जाऊन सूची 2 ची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीची, जुनी पुस्तकं उलटत बसू नका, धुळीने शिंका येतात. चलन मात्र भरा, त्याचा नंबर अहवालात छान दिसतो. उरलेल्या वर्षांसाठी 'काही पाने फाटलेली असल्याने' हे वाक्य आहेच. कोकणातल्या दमट हवेचा याहून चांगला उपयोग कुणी केलेला नाही.

जाहीर नोटीस द्या. 14 दिवसांत हरकत मागवा. फक्त गावात येणारं वर्तमानपत्र टाळा.

आता सातबारा. ऑनलाइन काढा, डिजिटल सही बघा, झालं. नावांशेजारी फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक असतात, ती नक्षी समजा. त्यातला जुना फेरफार मागवला तर उगाच कळतं की बाप गेल्यावर थोरल्याचं नाव 'एकुम', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलं, धाकटे दोघे मुंबईत गिरणीत होते आणि चार बहिणींची नावं 'इतर अधिकारात' ढकलली होती. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना ती बहिणींची ओळ गळलीही असेल. मग आजच्या उताऱ्यावर एकटा थोरला, तुमच्या अहवालात एकटा थोरला, खरेदीखतावर एकटा थोरला. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला जन्माने हक्क आहे, बाप तेव्हा हयात नसला तरी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगून टाकलंय. पण तुम्हाला कुणी विचारलं? आणि ते 'सा. कुळ', म्हणजे साधं कुळ? 'इतर अधिकारा'च्याच रकान्यात कोपऱ्यात बसलेलं असतं. कुळकायद्याची जमीन, कुळाने ती विकत घेतल्याचं 32म चं प्रमाणपत्र आहे की नाही, असल्यास त्याला 10 वर्षं झाली का, आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा भरला का, विक्रीवर बंधन घालणारा कलम 43 चा शेरा उठला का, यातलं एक पाऊल चुकलं तरी व्यवहार बेकायदा ठरतो आणि जमीन सरकारजमा होण्यापर्यंत पाळी येते. घेणारा शेतकरी आहे का, हे कलम 63 खाली बघायचं ते वेगळंच. बरं, जमीन एकाची आणि त्यातली हापूसची कलमं दुसऱ्याची, हे कोकणात घरोघरी. हिस्सा 3/अ/2 कागदावर आहे, पण पोटहिस्स्याची मोजणी कधी झालीच नाही, म्हणजे जागेवर तो कुठे सुरू होतो हे देवालाच ठाऊक. तुम्ही जागेवर गेला असतात तर चिरेबंदी गडग्यापलीकडे बसलेल्या म्हाताऱ्याने चहा पाजून सगळं सांगितलं असतं. पण जागेवर जायचं म्हणजे घाट, गाडी, चिखल.

वाट आहे का, हे विचारू नका. पुढे मामलेदार कोर्टात दावा लागतो, तेही आपल्याच धंद्याचं काम.

फी आगाऊ घ्या.

बाकी घाबरायचं कारण नाही. ग्राहक आयोगात वकिलाला ओढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 लाच स्पष्ट केलंय. फसलेला माणूस दिवाणी दावा लावील, दावा चालेल, तोवर तुमचे केस पिकतील आणि त्याचे गळतील.

पण खरं सांगू? ते लांज्याचं समुद्राचं पान वाचून हसू आलं नाही. कुणीतरी निवृत्तीचा फंड ओतून ती जमीन घेणार होतं. तुझ्या सहीवर, बाबा. सातबारा हा मालकीचा पुरावा नाही, महसुलाची नोंद आहे, हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात. तू वाचलं नाहीस. चतुःसीमासुद्धा वाचली नाहीस, स्वतः छापलेली! फेरफाराची नक्कल काढायला लागतं काय? तहसीलच्या अभिलेख कक्षात एक अर्ज, नकलेची फी आणि दोन खेपा. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला, तुझी चाल तीच. त्या चार बहिणींपैकी एकीने जरी वाटपाचा दावा लावला, तर फंड ओतणाऱ्या त्या माणसाला तोंड दाखवशील का? पाटी उतरव आधी. आणि तो अर्ज उद्या सकाळी दे.