नव्या जोडप्याला हिवाळ्यात एकटं सोडू नका

तुळशीचं लग्न लागलं, कार्तिक-मार्गशीर्षातले बार उडाले, आणि डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागला की खान्देशातल्या घराघरांत एक नाजूक परिस्थिती निर्माण होते. नवीन मुहूर्त नाहीत, त्यामुळे माणसं रिकामी. घरात नवी सून. पोराला रविवारची सुट्टी. सकाळी छान गारठा. आणि ही दोघं म्हणतात, जरा कुठे जाऊन येतो. दोघंच! वेळीच लक्ष दिलं नाही तर जातीलसुद्धा. म्हणून जाणत्या मंडळींसाठी हे चार उपाय. सगळे खात्रीचे आहेत. एकाच घरात सगळे लागू पडलेले बघितलेत, परवाच्या रविवारचा डोळ्यांतला धूर अजून गेलेला नाही.

सुरुवात बंबापासून करावी. सुनेची अंघोळ पाच वाजता, सगळ्यांच्या आधी, कारण पारोशानं ओट्याला हात लावायचा नाही. पोराची अंघोळ सगळ्यांच्या शेवटी, कारण बिचारा आठवडाभर दमतो. मध्ये सासरे, जेठ, जेठाणी, त्यांची पोरं, मुक्कामी आलेले नणदोई. बंबात दर माणसामागे एक बादली परत भरायची आणि ती तापेपर्यंत पुढच्यानं पेपर वाचायचा. नऊ सहज वाजतात. दोघं एकाच वेळी तयार होऊन दाराशी उभी राहण्याचा धोका टळतो.

तरी निघालीच, तर ओट्यावर बसून फक्त विचारायचं, "कोठे चालनात?" उत्तर काही का येईना, पुढचं वाक्य ठरलेलं: "आम्हीबी येतस."

दुचाकीवर निघाली तर जेठाचं पोरगं मधे बसवा. पोराला हवा लागते, जोडप्याला लागत नाही.

जेवणाची आमंत्रणं हा जुना, खात्रीचा मार्ग. लग्नाला आलेल्या प्रत्येक घरानं जोडप्याला जेवायला बोलवायचं, रविवारीच बोलवायचं, आणि वरणबट्टी करायची. गव्हाचं रवाळ पीठ, त्यात मूठभर मक्याचं, ओवा, हळद, कडकडीत तेलाचं मोहन. गोळे उकडायचे, कापायचे, तळायचे. वर तुरीचं घट्ट वरण, घोटलेल्या वांग्यांची भाजी आणि आग्रहानं ओतलेलं तूप. माणूस चौथ्या बट्टीला गप्प होतो, सहाव्याला आडवा. त्या दिवशी पुढे कुठे जायची भाषा निघत नाही. निघताना साडी आणि टॉवेल-टोपी द्यायला विसरू नका. तोच टॉवेल पुढच्या लग्नात तुमच्याकडे परत यायचा आहे.

संक्रांत पहिली असेल तर सुनेला काळी साडी नेसवून, हलव्याचे दागिने घालून संध्याकाळभर पाटावर बसवा. हलवा घामानं पाघळतो, म्हणून हलायचं नाही, हे कारण आयतंच आहे.

सहलीचं ठिकाण मात्र विचार करून निवडावं. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर, जाऊन येणं सोपं, म्हणून लेणी बंद असतात त्या सोमवारचा बेत आखावा. "रविवारी गर्दी असते" हे वाक्य पाठ करून ठेवा, कोणी हरकत घेत नाही. धबधबा बघायचा असेल तर तो आटल्यावर सातपुड्यातल्या मनुदेवीला जा, कोरडा कडा नीट बघता येतो. चाळीसगावजवळची पाटणादेवी तर उत्तमच. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचं गणित शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख पाटणचाच. तिथे जाताना सात सीटच्या गाडीत अकरा माणसं, दोन डबे, एक पाण्याचा जार आणि एक सतरंजी कशी मांडायची, हे गणित मात्र आपलं आपण सोडवलं पाहिजे. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी दोन पोरं घेऊन, बायको सगळ्यांत मागच्या आडव्या सीटवर आत्याबाईंसोबत. सुटलं.

तोरणमाळला मुक्काम ठरला तर घाबरू नका. साडेतीन हजार फुटांच्या वर आहे, रात्री दात वाजतात, घोंगड्या न्याव्यात. सातपायरीच्या घाटात निम्मी गाडी ओकते, तेव्हा पिशव्या आणि लिंबं सुनेजवळ असू द्यावीत. यशवंत तलावाकाठी फोटो काढायचा तो सगळ्यांचा मिळून. आणि खोल्या दोन घ्यायच्या: एक बायांची, एक माणसांची.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आहेच. तिथे घोड्याचे दात, उंची, चाल, अंगावरचे भोवरे बघून मग भाव बोलतात. सून नवी असताना तिला यात्रेतून फिरवलं की भेटणारे पाहुणे तिच्याकडे त्याच नजरेनं बघतात. घोड्याला निदान चारा टाकतात.

आता खरा उपाय. शेतातली भरीत पार्टी. ही "खास जोडप्यासाठी" ठेवायची असते, हे आधी सगळ्यांना फोन करून सांगायचं. माणसं वीस धरा. वांगी सात किलो. आसोद्याची चांगली की बामणोदची, यावर पुरुषांनी शनिवारची संध्याकाळ घालवावी. पारख सोपी आहे: हिरवट-पांढरं, तुकतुकीत, आकारानं दांडगं आणि हातात घेतलं की हलकं. जड लागलं तर आत बियाच बिया. देठ हिरवा आणि शाबूत पाहिजे, पुढे त्यालाच धरायचं असतं.

भाजणं पुरुष करतात, हे मान्य केलं पाहिजे. वांग्याला तेलाचा हात लावायचा, सुरीनं दोन-चार टोचे मारायचे नाहीतर जाळात फट्‌कन फुटतं, कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवून त्यात टाकायचं आणि काठीनं फिरवत राहायचं. पऱ्हाटीचा जाळ भपकन उठतो आणि लगेच बसतो, म्हणून सारखी भर घालावी लागते. देठाजवळ दाबून मऊ लागलं की झालं. पंधरा-वीस मिनिटांचं काम, आणि त्यात फोटो फार छान येतो. तो ताबडतोब स्टेटसला जातो.

सोलणं स्टेटसला जात नाही. वांगं गरम असतानाच सोलावं लागतं. गार झालं की साल गराला चिकटून बसतं. पाण्यात बुडवून सोललं तर हात वाचतात, पण धुराची चव पाण्याबरोबर जाते, आणि मग "भरीत पाणचट लागतंय" हे ऐकून घ्यावं लागतं. म्हणून देठाला धरायचं आणि बोटं भाजत भाजत ओढायचं. वीस-पंचवीस वांगी. प्रत्येक उभं चिरून उजेडात धरायचं, अळीनं पोखरलेलं असेल तर तेवढा भाग काढायचा. मग बडजी, म्हणजे ठेचायचं लाकडी भांडं. आधी भाजलेल्या हिरव्या मिरच्या, सात किलोला अर्धा किलो, लसूण आणि मीठ ठेचायचं, मग गर. मिक्सर नाही! मिक्सरला बी फुटतं आणि गराचा चिकट लगदा होतो, हे तिकडे पत्ते खेळणारेही सांगू शकतात, खेळ न थांबवता. मग लिटरभर तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, जिरं, लसूण, कांद्याची पात. हळद पडली तर भरीत बाटलं.

हे झालं भरीत. आता कळण्याच्या पुऱ्या. चार वाटे ज्वारी, एक वाटा काळे उडीद, मीठ दळतानाच. पीठ सगळं एकदम मळून ठेवलं तर सैल पडतं, म्हणून थोडं थोडं मळायचं, थापायचं, तळायचं. माणशी चार धरल्या तर ऐंशी पुऱ्या. एकीला एक मिनिट, म्हणजे ऐंशी मिनिटं कढईसमोर, धुराच्या बाजूनं, कारण वाऱ्याच्या बाजूला सतरंजी टाकलेली असते.

हे सगळं नव्या सुनेनं करायचं. का? तर हिच्यासाठीच ठेवली ना पार्टी! मेंदीच्या हातावर काजळी, मिरच्यांनी पेटलेली बोटं, अंगावर बस्त्यातली साडी, कारण "पाहुणे बघतील". सिंथेटिक साडी. ती पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. पऱ्हाटीच्या जाळाशी पदर खोचून बसलेल्या बाईला सुती साडी नेसू द्यावी एवढी अक्कल वीस माणसांत एकालाही नसते.

पंगत आधी पुरुषांची आणि पोरांची. मग वडीलधाऱ्या बायांची. मग राहिलेल्यांची. तोवर भरीत गार, पुऱ्या वातड, वरचे शेंगदाणे वेचून संपलेले. "मिरची जरा मागे पडली यंदा," नणदोई.

आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तिनं जायचं कुठे? कपाशी उभी असेल तर कपाशीत, उपटलेली असेल तर तेही नाही. विहिरीच्या काठावर माणसं, बांधावर माणसं. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. दिवसभर जाळासमोर बसून पाणी पीत नाही. हे दिसत नाही कोणाला? वांग्यातली अळी बरोबर दिसते!

2016 साली जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आपण जो भेटेल त्याला सांगतो. सोलणारीला एक पाट मिळत नाही बसायला.

जाऊ द्या, थट्टा पुरे. परवाच्या त्या जोडप्याच्या लग्नाला दोन महिने नाही झाले. एकमेकांना चहात साखर किती लागते ते अजून माहीत नाही, आणि माहीत व्हायला दोन तास एकत्र बसायला मिळालेले नाहीत. तुम्ही बसू दिलेले नाहीत. प्रेमानं केलं म्हणता. प्रेमानं एकदा तरी विचारलंत का, पोरी, तुला कुठे जायचंय? ती हातनूरचं धरण म्हणाली होती. हिवाळ्यात तिथल्या पाण्यावर लांबून पक्षी येतात, सकाळी लवकर गेलं आणि गप्प बसलं तर दिसतात. अकरा माणसं आणि स्पीकर घेऊन गेलं तर उडून जातात. सगळे हसले होते. पक्षी काय बघायचे!

आणि नवरदेवा, तू. तू काय करत होतास? काठीनं चार वांगी फिरवलीस, फोटो काढून घेतलास आणि पत्त्यांत जाऊन बसलास. आई रागावेल म्हणून? रागावू दे. तासाभरानं विसरते ती, तुला पंचवीस वर्षं माहीत आहे. बायकोजवळ तांब्याभर पाणी घेऊन गेला असतास तर कोणी तुझं नाक कापलं नसतं. कापलं असतं तरी चाललं असतं.

येत्या रविवारी त्या दोघांना सकाळी सहाला निघू द्या. बंब त्यांच्यासाठी आधी पेटवा. कोणी "कोठे" विचारू नका. आणि भरीत खायची फारच हौस असेल तर शेतात जा, खुशाल जा, सात किलो आणा. सोला तुम्ही. गरम असतानाच, पाण्यात न बुडवता. निघताना कढई आणि बडजी घासून जागेवर ठेवा, सोमवारी सकाळी तिला घासायला ठेवू नका.