कशाभिका, चाबूक आणि मळसूत्र: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

जिवाणू कशाभिका नावाच्या लांब, बारीक धाग्याच्या जोरावर पोहतो आणि तो धागा बुडाशी बसलेली एक मोटार गरगर फिरवते, असं मी जिवाणूंच्या पोहण्यावरच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही दोन हरकती घेतल्या आहेत. पहिली अशी, की कशा म्हणजे चाबूक, तेव्हा कशाभिका चाबकासारखीच हलणार; फळ्यावर तुम्ही वर्षानुवर्षं तशीच नागमोडी रेघ काढलीत. दुसरी, सजीवाच्या अंगात चाक असूच शकत नाही, कारण एकाच दिशेनं फिरत राहणाऱ्या अवयवाच्या रक्तवाहिन्यांना पीळ पडेल. म्हणून ‘मोटार’ हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो, असं तुमचं म्हणणं.

चाबकासारखी हलणारी शेपटी असते, पण ती शुक्राणूची. तिच्या आत सूक्ष्मनलिकांच्या जोड्या असतात, डायनिन नावाचं प्रथिन त्यांना एकमेकींवरून सरकवायला बघतं आणि शेपटी वाकते. इंधन एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. जिवाणूच्या कशाभिकेत वाकवणारं काहीच नाही. फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाचे वीसेक हजार रेणू ११ ओळींत रचून झालेली ती एक पोकळ नळी आहे, जेमतेम २० नॅनोमीटर जाड आणि मळसूत्रासारखी पिळलेली. ती आपणहून हलत नाही. तिला बुडाशी धरून फिरवलं जातं. कशाभिका हे नाव देणाऱ्यांना आकार दिसला होता, गती नव्हे.

आता पुरावा. १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी कशाभिका फिरते असं मांडलं. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी ती प्रतिपिंडांच्या मदतीनं काचेला चिकटवून टाकली. कशाभिका बांधून ठेवल्यावर धडानं काय करावं? चाबूक असता तर धड इकडून तिकडे झुललं असतं. प्रत्यक्षात अख्खा जिवाणू त्या खुंटीभोवती गरगर फिरू लागला, मध्येच थांबून उलटाही फिरला. मला या विषयातला हा सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो. एवढी बारीक नळी जिवंतपणी फिरताना दिसणं अवघड, म्हणून त्यांनी नळी थांबवली आणि धड फिरताना पाहिलं.

तुमची दुसरी हरकत मला जास्त आवडली, कारण बहुपेशीय प्राण्यांच्या बाबतीत ती अगदी रास्त आहे. पण इथे रक्तवाहिनीच नाही. जिवाणूच्या पेशीपटलात बसलेल्या प्रथिनांच्या कड्या फिरतात आणि त्यांना आतून काहीही बांधलेलं नसतं. मग नळी वाढायला माल कुठून येतो? आसाच्याच पोकळीतून. आपले केस मुळाशी वाढतात, ही नळी टोकाशी वाढते. फ्लॅजेलिनचा रेणू उलगडून, धाग्यासारखा होऊन सुमारे २ नॅनोमीटरच्या भोकातून पार शेंड्यापर्यंत जातो आणि तिथल्या टोपीखाली घडी होऊन बसतो. सोऱ्यातून शेव पडते तसं, फक्त इथे शेव बाहेर आल्यावर आपला आकार घेते.

जोर येतो प्रोटॉनांच्या प्रवाहातून, एटीपीतून नव्हे. कडीभोवती बसलेल्या स्थिर घटकांमधून प्रोटॉन आत शिरतात. या घटकांची बारीक रचना २०२० मध्ये समोर आली: मॉटबी या प्रथिनाच्या दोन रेणूंभोवती मॉटए या दुसऱ्या प्रथिनाचे पाच. आता समजूत अशी आहे की हे पाचांचं कडंही स्वतः फिरतं आणि मोठ्या कडीला दातेरी चाकासारखं ढकलतं. म्हणजे तुम्ही एका चाकाला नाही म्हणालात, तिथे दोन निघाली! ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची मोटार सेकंदाला सुमारे ३०० फेरे घेते. व्हिब्रिओ गटातले काही जिवाणू प्रोटॉनऐवजी सोडियमवर चालतात आणि १,७०० पर्यंत जातात. आस आहे, फिरणारा भाग आहे, स्थिर भाग आहे, उलटसुलट फिरण्याची सोय आहे. ‘मोटार’ हा शब्द मी मागे घेणार नाही.

हे घरीही करून बघता येतं. पेन्सिलीवर तांब्याची तार गुंडाळा, पेन्सिल काढून घ्या. काचेच्या ग्लासात एरंडेल घ्या (आपल्या बडोद्यात दिवेल म्हटलं की दुकानदार लगेच काढून देतो) आणि वर चिमूटभर हळद टाकून हलकेच ढवळा. आता तारेचं वेटोळं तेलात उभं धरून चिमटीत एकाच दिशेनं सावकाश फिरवा. तारेलगतचे हळदीचे कण वर किंवा खाली सरकत जातात, आणि तुम्ही थांबलात की तेही जागच्या जागी थांबतात. मग सरळ तार घेऊन नुसती डावी-उजवीकडे हलवा. कण जातात आणि परत तिथेच येतात. जिवाणूला पाणी असंच, किंबहुना याहून कितीतरी चिकट भासतं. त्यानं फिरवणं थांबवलं तर तो एका अणूच्या व्यासाइतकाही पुढे घरंगळत नाही.

एक चूक मात्र माझीच. मूळ लेखात मी तीन ठिकाणी ‘शेपूट’ लिहिलं होतं. शेपूट आतल्या स्नायूंनी हलतं, त्यामुळे वाचकाच्या डोळ्यासमोर तुम्ही म्हणता तोच चाबूक उभा राहतो. आज तिन्ही ठिकाणी ‘मळसूत्र’ केलं आहे. ‘कशाभिका’ तशीच ठेवली आहे, पाठ्यपुस्तकातून मुलं त्याच नावाने शोधत येतात.