लंगडणाऱ्या मुलाला मालीश नको, एक्स-रे हवा

काल रात्री ताईने एक मजकूर पाठवला. सगळीकडे फिरतोय तो: ‘थायरॉइडच्या मुलांचे पाय दुखतात, घाबरू नका.’ खाली तिचा प्रश्न, “आपल्या पोराला हेच असेल ना गं?” भाचा 13 वर्षांचा. थायरॉइडची गोळी चालू आहे आणि गुडघा दुखतो म्हणून दोन आठवडे लंगडतोय. मजकूर वाचून माझं डोकंच फिरलं. अशा मुलांत खुब्याच्या सांध्यातला मांडीच्या हाडाचा गोळा जागेवरून सरकलेला असू शकतो; डॉक्टर त्याला SCFE म्हणतात.

म्हणे, ‘या वाढीच्या वेदना आहेत.’ अशा वेदना असतात, मान्य. पण त्या बहुधा दोन्ही पायांत, रात्री होतात आणि सकाळी मूल पुन्हा पळायला लागतं. एक पाय धरून लंगडणं त्यात बसत नाही. शिवाय खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यातच जाणवतं. मग गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो आणि खुब्याकडे कुणी बघतच नाही.

पुढे, ‘रोज मालीश करा, मांडी ताणा, भरपूर चालवा.’ हा सल्ला घातक आहे. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याखालची मान यांच्यामध्ये ग्रोथ प्लेट असते, म्हणजे हाड जिथून वाढतं ती कूर्चेची चकती. थायरॉइड किंवा वाढीचं हार्मोन कमी असेल तर ती कमकुवत असते, उशिरा भरून हाड होते. अंगाचा भार पडता पडता गोळा तिच्यावरून सरकू लागतो. त्या पायावर तुम्ही मुलाला चालवणार? हाडांचे डॉक्टर रँडल लोडर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये गोळा सरकून अचानक दुखणं वाढलेल्या 55 खुब्यांचा अभ्यास मांडला. कुबड्या घेऊनही पाय टेकवता येत नव्हता अशा 30 पैकी 14 खुब्यांत गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मेलं. पाय टेकवता येत होता त्या 25 पैकी एकाही खुब्यात तसं झालं नाही. सगळा फरक वेळेत ओळखण्याचा आहे.

‘गोळीचा डोस वाढवला की बरं होतं.’ नाही. सरकलेला गोळा औषधाने मागे येत नाही, तो आणखी सरकू नये म्हणून स्क्रू घालावा लागतो. हार्मोनचा आजार असलेल्या मुलांत दुसऱ्या खुब्याचा गोळाही सरकण्याची शक्यता मोठी, म्हणून बरेच सर्जन दोन्ही बाजूंना स्क्रू बसवतात.

‘जाड मुलांनाच होतं’ हे अर्धंच खरं. वजनाने धोका वाढतो, पण हार्मोनच्या आजारात बारीक मुलांनाही होतं, दहाच्या आत आणि सोळानंतरही.

राहिलं वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन. त्यावर असताना हा धोका थोडा वाढतो, नाइलाजाने मान्य करते. पण म्हणून मनानेच ते बंद करायचं नाही. जांघ, मांडी किंवा गुडघा दुखला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

ताईने आज सकाळी त्याला नेलं, चालवत नाही, चाकाच्या खुर्चीतून. एक्स-रे कशाचे मागायचे ते मी तिला चिठ्ठीवर लिहून घ्यायला लावलं: दोन्ही खुबे, समोरून आणि बाजूने.