ॲम्ब्युलन्समध्ये लॅव्हेंडरचा डिफ्यूझर लावू नका

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सारखा पुढे ढकलला जातोय. त्यात म्हटलंय: १०८ ॲम्ब्युलन्सच्या ईएमटींनी (पेशंटवर गाडीतच प्राथमिक उपचार करणारे तंत्रज्ञ) आणि पायलटांनी, म्हणजे चालकांनी, गाडीत लॅव्हेंडर तेलाचा डिफ्यूझर (सुगंध हवेत पसरवणारं यंत्र) लावावा, ड्यूटीवर चढताना मानेला आणि नाकाखाली दहा थेंब चोळावेत, वर कोमट पाण्यातून दोन थेंब प्यावेत. तेल नैसर्गिक, म्हणून अपाय नाही. ताण मुळापासून जातो.

यातलं खरं काय, ते आधी. लॅव्हेंडरच्या वासाने बेचैनी कमी झाल्याचं आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण वास लपवता येत नाही. खरं तेल कुणाला मिळालं ते पहिल्याच श्वासाला कळतं, त्यामुळे गुण तेलाचा किती आणि अपेक्षेचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. तरी चार-पाच मिनिटं बरं वाटत असेल तर ती घ्यावीतच. कुठे आणि किती, एवढंच सांभाळायचं.

‘गाडीत डिफ्यूझर लावा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. ऑक्सिजन सिलिंडर पूर्ण भरलेला असताना आतला दाब सुमारे १५० बार असतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की रेग्युलेटरमध्ये, म्हणजे हा दाब कमी करणाऱ्या भागात, दाबाने उष्णता तयार होते आणि तिथे तेलाचा पुसट थर असला तरी तो पेट घेऊ शकतो. ऑक्सिजनच्या गेजवर ‘यूज नो ऑइल’ छापतात ते यासाठीच. डिफ्यूझर नेमका तेलाचा बारीक तुषार उडवतो आणि तो बंद केबिनमध्ये सगळीकडे बसतो. तेल लागलेल्या हातांनी रेग्युलेटर फिरवणं हाही तोच धोका.

शिवाय पेशंटने तो वास मागितलेला नसतो. दम्याच्या पेशंटची धाप उग्र वासाने वाढू शकते. बाळंतपणाला निघालेल्या बाईला त्याने उलटी होऊ शकते. आणि ईएमटीचं नाक हेही एक साधन आहे: मधुमेह बिघडून बेशुद्ध पडलेल्याच्या श्वासाला येणारा गोडसर, ॲसिटोनसारखा वास, ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक प्यायलेल्याच्या तोंडाचा लसणासारखा वास, दारूचा वास. सांवेर-देपालपूरच्या शेतीपट्ट्यात काम करणाऱ्याला यातला दुसरा ओळखता येणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको. सुगंधाखाली हे सगळं दबतं.

‘दहा थेंब थेट चोळा.’ २० थेंब म्हणजे साधारण १ मिली. त्वचेसाठी १ टक्का पुरे, म्हणजे १० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोनच थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. उघडलेल्या बाटलीतलं लिनालूल, म्हणजे लॅव्हेंडर तेलातला एक मुख्य सुगंधी घटक, हवेने ऑक्सिडाइज होतं आणि मग त्वचेला ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. मे महिन्यात डॅशबोर्डवर तापलेली बाटली तर टाकूनच द्या. बर्गमॉट तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते. तेलाने लेटेक्सचे ग्लव्ह्जही कमकुवत होतात, म्हणून ड्यूटीवर हाताला तेल नको.

‘दोन थेंब प्या.’ नको. चिंतेसाठी तपासलेली लॅव्हेंडरची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल असते, पण ती ठरावीक प्रतीच्या तेलाची. बाजारातल्या बाटलीला तो निष्कर्ष लागू होत नाही. याच संदेशात पर्याय म्हणून निलगिरी आणि कापूर सुचवलाय. दोन्ही पोटात गेले तर झटके येऊ शकतात, लहान मुलांत थोड्या प्रमाणातही. घरी बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवा.

वास घ्यायचाच असेल तर ड्यूटी संपल्यावर, गाडीबाहेर, मोकळ्या हवेत. कापसावर एक थेंब, नाकापासून वीतभर लांब. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. डोकं जड झालं किंवा खोकला आला की थांबा. कापूस झिपच्या पिशवीत बंद करून टाका, हात साबणाने धुवा. दमा, मिरगी किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

‘ताण मुळापासून जातो.’ ताणाचं मूळ लागोपाठच्या रात्रपाळ्यांत, अपुऱ्या झोपेत, एक मृत्यू बघून लगेच पुढच्या कॉलवर निघण्यात असतं. त्यावर उपाय पाळीचं वेळापत्रक बदलण्याचा आहे. वाईट कॉलनंतर गाडी पुन्हा ‘उपलब्ध’ दाखवण्याआधी पाणी पिण्याची, दोन शब्द बोलण्याची सवड मिळायला हवी, आणि ही मागणी कर्मचाऱ्यांनी सुपरवायझरकडे लेखी करावी. झोप उडणं, तेच दृश्य वारंवार डोळ्यांसमोर येणं, दारूवर भिस्त वाढणं असं दोन-तीन आठवडे चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर तेवढंही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि २४ तास चालतो, म्हणजे रात्रपाळी सुटल्यावर पहाटेही लावता येतो.