इंग्रजांकडेही मामा-मावशी होते

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरणारा एक संदेश आहे. त्यात म्हटलंय की ‘फॅमिली’ हा शब्द ‘फादर अँड मदर आय लव्ह यू’ची आद्याक्षरं जोडून झाला, फादर, मदर, डॉटर हे संस्कृत पितृ, मातृ, दुहितृ यांचे अपभ्रंश आहेत, आणि नात्यांची कदर नसल्यामुळेच इंग्रजांनी काका-मामा एका ‘अंकल’मध्ये कोंबले. तिन्ही दावे चूक आहेत, आणि तिसरा तर अन्यायाचा.

पहिल्यावर वेळ घालवायला नको. ‘फॅमिली’ लॅटिन ‘फामिलिया’वरून आला, आणि तो ‘फामुलुस’ म्हणजे नोकर, गुलाम यावरून. रोमन घरातले गुलामही त्यात धरले जात.

दुसऱ्यात साम्य खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, आणि ती मूळ भाषा कदाचित उरलेलीही नसावी, असं ब्रिटिश भाषा-अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. इंग्रजी त्याच कुळातली. संस्कृतची नातलग, लेक नव्हे. ‘दुहितृ’मध्ये ‘ह’ आहे, पण ग्रीक ‘थुगातेर’मध्ये ‘ग’ आणि जर्मन ‘टोख्टर’मध्ये ‘ख’. मूळचा कंठ्य ध्वनी संस्कृतात झिजून ‘ह’ झाला, इतरांनी तो वेगळ्या रूपात राखला. संस्कृतातून शब्द गेले असते, तर हा ध्वनी त्यांना मिळाला कुठून?

आता तिसरा. जुन्या इंग्रजीत काकाला ‘फॅदेरा’, मामाला ‘एआम’, आत्याला ‘फाथू’ आणि मावशीला ‘मोद्रिये’ म्हणत. चार नाती, चार शब्द, अगदी आपल्यासारखे! १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंचमधून आलेल्या ‘अंकल’ आणि ‘आंट’ यांनी हे चारही शब्द मागे सारले. त्यातही ‘अंकल’चं लॅटिन मूळ ‘अवुंकुलुस’ म्हणजे फक्त मामा, आणि ‘आंट’चं मूळ ‘अमिता’ म्हणजे फक्त आत्या. शब्द गळाले ते राज्य आणि भाषा बदलल्यामुळे. त्यावरून माया आटल्याचं सिद्ध होत नाही.

शब्दांच्या संख्येवरून प्रेम मोजायचं, तर हिंदीत वडिलांचे वडील दादा आणि आईचे वडील नाना. मराठीत दोघेही आजोबाच. मग मराठी घरांत आजोळच्या आजोबांची किंमत कमी, असंही म्हणावं लागेल. आजोळी सुट्ट्या घालवलेलं एकही मराठी माणूस हे मानणार नाही.